सुपारीचा आळ

"पुन्हा सुपारी सुरू? माझूदेवीसमोर सोडली होतीत ना!" ट्रकमधल्या गादीवरचे लाल डाग धुताना बायको कडाडली. काओशुंग बंदरातून कंटेनर वाहणाऱ्या जिनफाने मान डोलावली. मूळव्याध सांगायची लाज. त्यापेक्षा सुपारीचा आळ बरा. आधी नुसती खाज होती. मग कुंथताना रक्त पडू लागलं. पुढे कोंब बाहेर यायचा, बोटाने ढकलला की आत जायचा. वाटेत संडास शोधायला नको म्हणून जिनफा पाणीच पीत नसे, दिवसभर गादीवरच बसून राही. आज कोंब आत जाईना. वाळलेली गादी देताना बायकोने हटकलं, "पिंक नेमकी बसायच्या जागी कशी पडते हो?" जिनफाने सोंगासाठी खिशात ठेवलेला विडा चावला आणि लाल दात दाखवले. "सुधारणार नाहीच तुम्ही!" ती निर्धास्त हसली. तो ट्रकमध्ये बसला. धुतलेल्या गादीवर काहीतरी कोमट पसरत गेलं.