भट्टीची आठवी कमान

आमची मोहाच्या दारूची भट्टी निजामाच्या वक्ताची, आजेसासऱ्यांनी दगडात बांधलेली. माजलगावात असं काम दुसरं न्हाई. चुन्यात गूळ कालवून कमानी उभ्या केल्या. बाहेरून सात, आतून आठ!

परवा भर दुपारी साहेब मोजमापाला आला. रस्त्यासाठी भट्टी पाडायची म्हणं.

"आजी, तुमी मोजायला चुकलाव," कमानींचा हिशेब सांगितला तवा तो हसला.

"असंल लेकरा. पण पहिल्या धारेचा पेला ठेवल्याबिगर आठवीपाशी आमी जात न्हाई."

"अवो, भट्टी बंद होऊन चाळीस वर्सं झाली! धार कुठली आता?"

टेप घेऊन तो आत गेला, मोठ्यानं मोजत. "आठ" म्हणला अन् गप झाला.

लई हाका मारल्या. मग मी बाहेरून कमानी मोजल्या.

आठ भरल्या. सगळ्या आजेसासऱ्यांच्याच हातच्या, रेखीव. फक्त आठवीचा चुना ओला होता.