जिन्यात सुचलेलं

जर्मन शिकवणाऱ्या मास्तरांनी वर्गात ‘ट्रेपेनवित्स’ शब्द फार रंगवून शिकवला. भांडण आटोपून जिना उतरताना जे चोख उत्तर सुचतं, ते. म्हणजे वरातीमागून घोडं! उदाहरणं त्यांनी धडाधड दिली, कारण सगळी घरचीच होती. बावीस वर्षं बायकोपुढे तोंडातून ब्र निघाला नव्हता. चौथ्या मजल्यावरून दुसऱ्यावर उतरले की मग वाचा फुटायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरवलेल्या छत्रीवरून बोलणी खाऊन ते निघाले. दुसऱ्या मजल्यावर असं काही खणखणीत उत्तर सुचलं, की मास्तर माघारी वळले, धापा टाकत वर चढले आणि त्यांनी बेल दाबली.

बायकोनं दार उघडलं. “बरं झालं परत आलात! तुम्ही गेल्यावर मलाही आणखी चार मुद्दे सुचले.”