भीतीचा वाटा

काचेपलीकडे शिकाऊ तेजल समुपदेशन करायला बसली होती आणि धडधडत होतं अलीकडे बसलेल्या शुभदाच्या छातीत. मनगटावरचा पट्टा तेजलची भीती तिला जाणवून देत होता. पट्ट्याची चकती फिरवली की त्यातली हवी तेवढी भीती स्वतःकडे ओढून घेता यायची.

शुभदा नावाजलेली थेरपिस्ट, पण शिकाऊंवर देखरेख करणाऱ्या पर्यवेक्षकाच्या परीक्षेत दोनदा नापास झाली होती. दोन्ही वेळा तिने शिकाऊ मुलीची सगळी भीती ओढून घेतली. मुलगी इतकी निवांत झाली, की समोरच्याचं बोलणं तिच्या कानात शिरलंच नाही.

"शुभदा, ती तुझी पेशंट नाही," परीक्षक जमादार मॅडम तेव्हा म्हणाल्या होत्या.

आज तिसरी परीक्षा होती आणि जमादार मॅडम शुभदाच्या मागेच बसल्या होत्या. तेजलसमोर अपघातानंतर झोप उडालेला बस ड्रायव्हर होता. तो एकदम उठला. "बास झालं. आता मी येणार नाही. कुठंच येणार नाही."

तेजलची भीती उसळली. शुभदाने चकती जराशीच फिरवली, तेजलला श्वास घेता येईल इतकी. मग हात मांडीखाली दाबून धरला.

"कुठंच म्हणजे?" तेजलचा आवाज कापत होता. "दादा, मला भीती वाटली हे ऐकून. खरं सांगा."

ड्रायव्हर खाली बसला. रडला. मग बोलू लागला.

तास संपताच तेजल धावत बाहेर आली. "मॅडम, आज तुम्ही चकतीला हात लावला नाहीत ना? मी एकटीने केलं!"

"तूच केलंस," शुभदा म्हणाली आणि पट्टा बांधलेला हात तिने पाठीमागे नेला.

जराशीच फिरलेली चकती पाहून जमादार मॅडम मानाने खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.