थाळीचा ठराव

दूरदर्शन संचावर लोकसभेतील महागाईची चर्चा ऐन रंगात आली होती आणि सोलापुरातील त्या खानावळीचे दहाही सभासद, घास हातातच धरून, सरकारचा यथेच्छ उद्धार करीत होते. मालक सिद्रामप्पा मात्र भाकरीची टोपली घेऊन अपराध्यासारखे उभे होते. तेल आणि शेंगदाणे आवाक्याबाहेर गेल्याने थाळीचा दर सत्तरावरून ऐंशी केल्याची पाटी त्यांनी चार दिवसांपूर्वीच रंगवली होती; परंतु लावण्याचे धैर्य न झाल्यामुळे ती बिचारी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

पाण्याचा तांब्या घेण्यास उठलेल्या निवृत्त शिक्षक हिरेमठ सरांनी नेमकी तीच पाटी उलटली. अप्पा टोपलीतल्या भाकऱ्या उगाचच मोजू लागले.

सरांनी दूरदर्शनचा आवाज बंद केला. "सन्माननीय सदस्यहो, सभागृहापुढे दरवाढीचा ठराव आहे."

"शेंगाचटणी दुसऱ्यांदा मागितली तर अप्पांनी तोंड वाकडं करायचं नाही, ही आमची दुरुस्ती," कोपऱ्यातून कुणी तरी म्हणाले.

"मंजूर," अप्पा पुटपुटले.

"अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे."

आठ 'होय' एकदम घुमले. पोस्टमन गवंडी एकटेच "नाही" म्हणाले, तेव्हा साऱ्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"बघताय काय? लोकशाहीला विरोधी पक्ष नको का?" गवंडी म्हणाले. "ऐंशी देतो की मी."

अप्पांनी पाटी खिळ्याला अडकवली आणि तव्यावरची टम्म फुगलेली भाकरी मोठ्या आदराने विरोधी पक्षाच्या ताटात वाढली.