आठवी पेटी

स्वीटीने स्वतःला शून्य दिलं होतं.

धनंजय सरांनी कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं. काल शाळेच्या स्नेहसंमेलनात आठ मुलांनी आठ पेट्या एकत्र वाजवल्या होत्या. आज प्रत्येकाने आपल्या वादनाला दहापैकी गुण द्यायचे होते. त्यात सरांचे गुण मिळवून वरचे चौघे नागपूरच्या स्पर्धेला जाणार होते. आपलीच पाठ आपण थोपटायची म्हटल्यावर हात आखडता कोण घेतो? कोणी आठ लिहिले, कोणी नऊ. अश्विनने पुरते दहा दिले आणि ‘सुधारणा’ या रकान्यात लिहिलं, ‘हॉल चांगला पाहिजे.’

सरांनी पहिल्या रांगेत बसून स्वीटीला नऊ दिले होते. शेरा होता, ‘सफाईदार हात.’ तिने नुसते सात लिहिले असते तरी जागा पक्की होती. तिच्या घरी पेटी नव्हती. वर्षभर ती शाळा सुटल्यावर थांबून वाजवायची आणि अल्लीपूरची शेवटची एसटी पकडायची. नागपूरला जायला तिचा जीव तुटत होता. हे सरांना ठाऊक होतं, म्हणूनच त्यांना तिचा राग आला. यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

त्यांनी तिला संगीताच्या खोलीत बोलावलं.

“शून्य काऊन लिहिलं?”

“मी वाजवलंच नाई, सर.”

“समोर बसलो होतो मी. तुही बोटं दिसून राह्यली होती मले.”

“बोटं चालू होती. पन सुरुवातीलेच एक पट्टी अडकली. वरच येईना. तो एकच सूर भोंगावत राह्यला असता, सगळ्यायचं वाजवणं गेलं असतं. म्हणून मी पेटीच्या हवा सोडाच्या साऱ्या खुंट्या बंद केल्या अन् भाता तसाच मारत राह्यली. आवाजच नाई निघाला.”

बावीस वर्षं सर मुलांना एकच गोष्ट सांगत आले होते, आधी ऐका, मग वाजवा. काल आठातली एक पेटी अख्खा वेळ मुकी होती आणि त्यांना पत्ता नव्हता. त्यांना लाज वाटली. लाज वाटली की माणूस दुसऱ्यावरच डाफरतो, तसे तेही डाफरले.

“मंग कालच सांगाचं नाई? नऊ देले होते मी तुले!”

स्वीटीने मान वर केली. तिला खरंच कळलं नव्हतं.

“कायचे, सर?”

सर उठले. त्यांनी पंखा बंद केला, आपली पेटी तिच्यापुढे सरकवली आणि तिच्याकडे पाठ करून बसले.

“वाजव,” ते म्हणाले.