संशयास्पद कॉल

"हे लाल येतं ना, ते बंद कर," पद्मावती अक्का म्हणाल्या आणि त्यांनी फोन आसावरीपुढे धरला. "लाल येतं आणि बोलता बोलता फोन तुटतो."

आसावरी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. रविवारची दुपार होती. तीन महिन्यांपूर्वी नोकरीसाठी ती नागपूरहून इथे, कन्नड मुलखात आली आणि इंदिरानगरातल्या या घराचा वरचा मजला तिने भाड्याने घेतला. खाली अक्का एकट्या राहायच्या. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, म्हणून तीही म्हणे. अक्कांच्या घरची भाषा मराठीच, त्यामुळे दोघींचं जमायचं, पण बोलणं जिन्यातच व्हायचं. खालच्या घरात जायची वेळ कधी आली नव्हती.

तिने फोन पाहिला. लाल अक्षरांत 'संशयास्पद कॉल' असं लिहिलेलं होतं. "अक्का, हे फोनसोबतच आलेलं सुरक्षा ॲप आहे. काढून टाकता येत नाही, फक्त बंद करता येतं. पण कशाला करायचं? फसवणुकीचे कॉल हेच अडवतं."

"माझा रोजचा फोन अडवतंय. चारला येतो."

"कुणाचा?"

"अम्मा म्हणून हाक मारतो."

"मुलगा का?"

"गुरुदत्त," अक्का म्हणाल्या. "एकच."

आसावरी हसली. "मग सोपं आहे. त्याचा नंबर ओळखीच्या यादीत टाकते. बाकी सगळं चालू राहू दे."

पण आलेल्या फोनची यादी उघडल्यावर तिला दिसलं, की चारच्या सुमाराचे फोन दर दोन-तीन दिवसांनी नव्या नंबरवरून येत होते. एकदा आलेला नंबर परत दिसत नव्हता.

"असं कसं?"

"म्हणतो, जहाजावर आहे. मिळेल त्या फोनवरून करतो."

ते पटण्यासारखं होतं. तरी आसावरीचा हात अडखळला. हेब्बाळच्या ऑफिसात दिवसभर ती इतरांच्या प्रोग्राममधल्या चुकाच शोधायची. असलं ॲप शंभरदा बरोबर असतं आणि एकदा चुकतं, हे तिला माहीत होतं. पण ज्याच्या बाबतीत चुकतं, त्याला त्या शंभराचं काय?

"बघ की स्वल्प," अक्का म्हणाल्या. 'थोडं' म्हणायला त्यांच्या मराठीत हा कन्नड शब्द यायचा. "काल दोनच शब्द बोलला आणि तुटला."

आसावरीने फक्त कॉल अडवणारा भाग बंद केला. अक्कांनी फोन पदराला पुसला आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत त्या खाली गेल्या.

आठवडाभर त्या खुशीत दिसल्या. चार वाजायच्या आधी वेणी घालून ओट्यावर येऊन बसायच्या. बुधवारी आसावरी घरून काम करत होती, तेव्हा खालून त्यांचं हसणं ऐकू आलं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच ऐकत होती. आपण बरोबर केलं, असं तिला वाटलं.

पुढच्या रविवारी अक्का चित्रान्नाचा, म्हणजे फोडणीच्या लिंबूभाताचा डबा घेऊन वर आल्या. डबा देतानाच फोन वाजला. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"अम्मा, ऊट आय्ता?"

जेवण झालं का, एवढं कन्नड आसावरीला कळत होतं. आवाज तरुण होता, गोड होता. मागे आणखी बरीच माणसं फोनवर बोलत असावीत, तशी कुजबुज होती.

"झालं रे. तू काय खाल्लंस?" अक्कांनी मराठीत विचारलं.

पलीकडचा क्षणभर थांबला. मग त्याने कन्नडमध्येच काहीतरी सांगितलं आणि लगेच कामाचं काढलं. मधल्या 'मेसेज', 'सिक्स', 'नंबर' या शब्दांवरून आसावरीलाही कळलं: अम्माच्या फोनवर आता एक मेसेज येईल, त्यातले सहा आकडे वाचून दाखव.

"चष्मा सापडत नाही रे," अक्का म्हणाल्या. चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता. "उद्या बघते. थंडी आहे का तिकडे? अंगात काही घालतोस ना?"

"सरी, अम्मा. नाळे." बरं, उद्या, एवढं म्हणून त्याने फोन ठेवला.

आसावरीच्या हातातला डबा तसाच राहिला. "अक्का, रोज आकडे मागतो?"

"रोज."

"तुम्ही कधी दिलेत?"

"नाही गं. कधी चष्मा नसतो, कधी मेसेजच येत नाही म्हणते."

आसावरीने अक्कांना खुर्चीवर बसवलं आणि त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली. त्यांचा फोन घेऊन बंद केलेला भाग आधी चालू केला.

"पहिल्यांदा फोन आला तेव्हा तो स्वतः म्हणाला का, मी गुरू बोलतोय?"

अक्कांनी आठवून पाहिलं. "नाही. अम्मा, ओळखलंस का, म्हणाला. मीच म्हटलं, गुरू?"

"असंच करतात ते. नाव आपल्याच तोंडून काढून घेतात." आसावरी म्हणाली. "चूक माझी आहे, मी ते बंद करायला नको होतं. तुम्ही आकडे दिले असते तर पेन्शनचं खातं रिकामं झालं असतं. तुमचा मुलगा तुमच्याशी मराठी बोलत असणार ना? याला मराठी धड कळलंही नाही. अक्का, रागावू नका, पण हा तुमचा गुरू नाही."

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं.

"खऱ्या गुरूचा नंबर सांगा. आत्ता त्यालाच लावू. त्याच्याशी बोललात की तुमची खात्री पटेल."

अक्कांनी हात पुढे करून आपला फोन घेतला. पडद्यावर ॲपचं हिरवं चिन्ह परत आलं होतं. ते त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि फोन पुन्हा आसावरीच्या हातात ठेवला.

"बंद कर ते," त्या म्हणाल्या. "गुरूला अग्नी मीच दिला गं. तीन वर्षं झाली."