नावांची कॅसेट

शिरूरच्या स्टँडवर वडापची जीप भरली, ड्रायव्हरनं टेपात कॅसेट ढकलली आणि करुणाच्या काळजात धस्स झालं. गाणारा आवाज तिचाच होता.

एरवी ती खूश झाली असती. त्यांच्या गायन पार्टीच्या भीमगीतांच्या कॅसेटी दुकानदार मागच्या फळीवर धूळ खात ठेवत, म्हणून तिच्या नवऱ्यानं, नागसेननं, नवीन टूम काढली होती. गावोगाव फिरून आधीच नोंदणी करायची आणि शेवटच्या गाण्यानंतर नोंदवणाऱ्यांची नावं वाचायची. प्रत्येक गावाची कॅसेट वेगळी. आपलं नाव टेपात वाजणार म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? जीपवाल्यांना एकेक फुकट, वाटेत वाजवायला. नागसेन दौंडकडं गेला होता आणि मांडवगणच्या कॅसेटींचं खोकं करुणाच्या मांडीवर होतं.

पण आज पुढच्या सीटवर मांडवगणचे बडे बागायतदार हौसराव आबा बसले होते. बुलेट गॅरेजला टाकलेली, नाहीतर आबा कशाला वडापात बसतात!

"ह्यात आमचंबी नाव हाय बरं का," आबा मागं वळून सगळ्यांना म्हणाले. निवडणूक तोंडावर आली की आबांना सगळ्यांचीच गाणी आवडत. "मांडवगणात मान आमचाच पयला. व्हय का न्हाई गं?"

करुणानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

नावं तिनंच वाचली होती. ज्यानं आधी नोंदवलं त्याचं आधी, हा हट्टही तिचाच. आणि मांडवगणात सगळ्यात आधी धावत आला होता पोपट. आबांचा सालगडी, आबांच्याच मळ्यातल्या खोपीत बायकोपोरांसकट राहणारा. आबांचं नाव नववं होतं. स्टुडिओत हे किती रास्त वाटलं होतं! तिथं काचेआड बसून कुणाच्या बापाला भ्यायचं कारण नव्हतं.

वाटेतलं निमोणं मागं पडलं. शेवटच्या गाण्याचं दुसरं कडवं संपलं. आता एकच उरलं.

"दादा, बंद करा की ती," ती ड्रायव्हरला म्हणाली. "पट्टी गुतती तिची."

"वाजू दे," आबा म्हणाले. "आमचं नाव तर येऊ दे."

तिसरं कडवं एवढंसंच आहे, हे तिला आज कळलं. ढोलकी थांबली आणि तिचाच आवाज, चांगला खणखणीत, बोलू लागला: "मांडवगण फराट्याचे पहिले मानकरी, आयुष्मान पोपट गेनू साळवे."

दुसरं नाव आलं, तिसरं आलं. आबा मोजत नव्हते, पण बाकीचे सगळे मनातल्या मनात मोजत होते. नववं नाव वाजलं तेव्हा आबांकडं बघायची कुणाची छाती झाली नाही. आबांनी हात लांब करून टेप बंद केला आणि गाव येईपर्यंत चकार शब्द काढला नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं करुणाला वाटलं.

मांडवगणच्या चौकात पोपट धुतलेला सदरा घालून उभा होता. आबांना बघून सवयीनं पिशवी घ्यायला धावला.

आबांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "राहू द्या, मानकरी," ते हसून म्हणाले. उभ्या जन्मात त्यांनी पोपटला अहोजाहो केलं नव्हतं. "तुम्ही कशाला वझं उचलताय? उद्यापास्नं मळ्यावरबी येऊ नका. आन् खोप तेवढी मोकळी करा."

आबा चालू पडले. पोपट पुढं केलेले हात तसेच धरून उभा राहिला.

"पोपटमामा, चुकलं माझं," करुणाला रडू फुटलं. "दुसरी भरून आणते. नाव मागं घालते तुमचं. आबांना तसं सांगते मी."

पोपटनं तिच्या हातातल्या खोक्याकडं पाहिलं. "नाव हाय का ह्यात?"

"हाय," ती पुटपुटली.

"कितवं?"

"पयलं."

पानटपरीपाशी दहा-पंधरा माणसं उभी होती आणि सगळ्यांचे कान इकडंच होते. पोपटनं एकवार त्यांच्याकडं पाहिलं.

"मग ताई," तो म्हणाला, "जरा मोठ्यानं सांगा की."